वॉटरप्रूफ बूट घेताय? आधी पाणी आत कुठून येतं ते बघा

माझे पहिले वॉटरप्रूफ बूट मी दुकानात परत घेऊन गेलो होतो, बूट गळतात म्हणून भांडायला. काउंटरवरच्या माणसाने शांतपणे एकच विचारलं, त्या दिवशी पाऊस किती होता? आणि मी तिथेच गप्प, कारण पाऊस नव्हताच. ओढा नव्हता, दव नव्हतं, चिखल पण नव्हता. खणखणीत ऊन होतं आणि सहा तासांची चढउतर करून मोजे मात्र पिळता येतील इतके ओले. घाम होता तो. माझाच.

नवीन माणूस बूट घ्यायला जातो तेव्हा डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय ना, मग झालं, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. पण पाय ओला व्हायला तीन वाटा आहेत. पाणी वरून घोट्याच्या तोंडातून आत येतं, किंवा बुटाच्या अंगातून झिरपतं, किंवा आतच घामाने तयार होतं. वॉटरप्रूफ बूट यातली फक्त मधली वाट बंद करतो. वरची वाट तुम्ही बंद करायची असते, आणि तिसरी वाट तर वॉटरप्रूफ बुटाने उलट थोडी वाढतेच. हे एवढं डोक्यात ठेवून खालचं वाचा, म्हणजे कुठली गोष्ट कशासाठी करायची ते आपोआप कळत जाईल.

स्टेप १ : तुम्हाला वॉटरप्रूफ हवेत का, हे आधी ठरवा

हा प्रश्न कोणी विचारतच नाही. थंड हवा, ओलं गवत, चिखल, बर्फ वितळून झालेला राडा, मधूनमधून पाऊस, अशा ठिकाणी चालायचं असेल तर वॉटरप्रूफ बूट म्हणजे सुख आहे, वाद नाही. थंडीत ओला पाय लवकर गार पडतो आणि मग मजा संपते. पण उकाडा आहे, धो धो पाऊस आहे आणि दर थोड्या वेळाने गुडघाभर पाण्यातून जायचंय, तर मग वॉटरप्रूफचा काही उपयोग नाही. पाणी वरून आत शिरणार म्हणजे शिरणारच, आणि जे अस्तर पाणी आत येऊ देत नाही तेच अस्तर आत आलेलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही, मग तुम्ही दोन छोट्या टाक्या पायात घालून चालताय. अशा वेळी साधे जाळीचे, भराभर निचरा होणारे बूट चांगले, पाय ओले होतील पण चालता चालता बरेचसे वाळतील सुद्धा. वॉटरप्रूफ बूट एकदा आतून भिजला की वाळायला एक रात्र पुरेलच असं नाही, दोन दिवस पण जातात.

म्हणून पुढच्या वर्षभरात तुम्ही खरंच कुठे आणि कुठल्या हवेत चालणार आहात ते बघा, स्वप्नातल्या हिमशिखरासाठी बूट घेऊ नका. आणि वजनाचा पण विचार करा. पायातलं एक किलो पाठीवरच्या पाच किलोइतकं थकवतं असं जुने हायकर सांगतात, आकडा थोडा इकडे तिकडे असेल पण दिवसाच्या शेवटी पाय उचलताना पटतं. दिवसभराची साधी वाट आणि छोटी सॅक असेल तर हलके, घोट्याच्या खालपर्यंतचे बूट पुरतात. जड सॅक, दगडगोट्यांची वाट, अनेक दिवसांचा ट्रेक असेल तर घोटा झाकणारे, थोडे कडक सोलचे घ्या. पाण्याच्या दृष्टीने बघितलं तर उंच बुटाचा एक साधा फायदा आहे, पाण्याला आत शिरायला जास्त उंची चढावी लागते.

स्टेप २ : आत काय असतं ते समजून घ्या, लेबलवर जाऊ नका

बहुतेक वॉटरप्रूफ बुटांत बाहेरचं चामडं किंवा कापड आणि आतलं अस्तर यांच्या मध्ये एक पातळ मेंब्रेन, म्हणजे पापुद्रा, असतं, मोज्याच्या आकारात शिवलेलं आणि शिवणींवर टेप मारलेलं. म्हणजे बुटाच्या आत एक न दिसणारा मोजा आहे असं समजा. गोरटेक्स हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. त्याची गोष्ट मला फार आवडते. १९६९ साली बॉब गोर पीटीएफई नावाचं प्लास्टिक, म्हणजे नॉनस्टिक भांड्यावर असतं तेच, गरम करून हळूहळू ताणायचा प्रयत्न करत होते आणि ते सारखं तुटत होतं, शेवटी वैतागून त्यांनी एकदम जोरात हिसका दिला आणि ते तुटायच्या ऐवजी कितीतरी पट लांब झालं. त्या ताणलेल्या पापुद्र्यात इतकी बारीक छिद्रं असतात की पाण्याचा थेंब आत येऊ शकत नाही पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. बऱ्याच कंपन्यांची स्वतःच्या नावाची मेंब्रेनं पण असतात, त्यातली काही छिद्रांऐवजी वेगळ्या पद्धतीने वाफ शोषून पलीकडे सोडतात, त्या खोलात आत्ता जायला नको.

महत्त्वाचं काय, तर वाफ स्वतःहून बाहेर पळत नाही. आत गरम आणि दमट, बाहेर थंड आणि कोरडं, असा फरक असेल तरच ती बाहेर ढकलली जाते. बाहेर पण उकडतंय आणि हवा दमट आहे तर वाफेला जायला जागाच नाही, ती आतच थांबते आणि मोज्यात उतरते. माझ्या त्या पहिल्या बुटांचं नेमकं हेच झालं होतं. श्वास घेणारा बूट असं लेबलवर लिहिलेलं असतं ते खरं आहे, पण श्वास घ्यायला बाहेर हवा पण तशी लागते.

अजून एक शब्दांचा खेळ. वॉटर रेझिस्टंट किंवा वॉटर रिपेलंट लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ वॉटरप्रूफ होत नाही. तो बूट शिंतोडे झटकेल, थोडं दव सहन करेल, तासभर पावसात राहिलात तर पाझरेल. डब्यावर नीट वाचा, आणि विकणारा दोन्ही एकच म्हणाला तरी मान डोलावू नका.

आणि जीभ बघा. बुटाची जीभ म्हणजे लेसच्या खालची पट्टी, ती दोन्ही बाजूंनी पातळ घडीने बुटाला शिवलेली असते. ती घडी किती उंचीपर्यंत आलीय ते बोटाने चाचपून बघा, कारण तुमचा बूट तेवढ्याच उंचीपर्यंत वॉटरप्रूफ आहे. त्याच्या वर पाणी गेलं की ते जिभेच्या बाजूने सरळ आत. घोट्यापर्यंतचा बूट घेतला आणि घडी अर्ध्यातच संपली असेल तर उंचीचा फायदा फुकट गेला.

स्टेप ३ : चामडं की कापड

अखंड चामड्याचे, ज्याला फुल ग्रेन म्हणतात, ते बूट जड असतात, सुरुवातीला कडक असतात, पण काळजी घेतली तर वर्षानुवर्षं टिकतात आणि शिवणी कमी असल्यामुळे पाण्याला वाटाही कमी. नुबक म्हणजे तेच चामडं वरून घासून मखमलीसारखं केलेलं, दिसायला छान, डाग लवकर पडतात. स्वेड म्हणजे चामड्याचा आतला थर, तो जास्त पाणी पितो. आणि कापड-जाळीचे बूट हलके, पहिल्या दिवसापासून मऊ, भराभर वाळणारे, पण जेवढे तुकडे जोडलेले तेवढ्या शिवणी, आणि घासून फाटायला सोपे.

मला विचाराल तर पहिल्या बुटासाठी कमी तुकड्यांचा, साधा दिसणारा बूट घ्या. डिझाईनच्या नादात दहा रंगांच्या दहा पट्ट्या शिवलेल्या असतात, त्यातली प्रत्येक शिवण दोनेक वर्षांनी उसवायची जागा आहे.

स्टेप ४ : माप. इथे घाई केली की सगळं फुकट

बूट कितीही भारी असला आणि मापात चुकला तर तो कपाटात जाणार, यात मी स्वतःचे दोन जोड घालवलेत.

संध्याकाळी बूट घ्यायला जा. दिवसभरात पाय थोडा फुगतो, चालताना अजून फुगतो, सकाळी फिट बसलेला बूट दुपारी उतारावर बोटं चेपतो. जाताना ज्या मोज्यांवर चालणार आहात तेच मोजे घेऊन जा, ऑफिसचे पातळ मोजे घालून ट्रायल घेऊ नका. आणि दोन्ही पाय मोजा. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो, माप मोठ्या पायाचं घ्यायचं.

नंबरवर विश्वास ठेवू नका. यूकेच्या एका नंबरची उडी इंचाचा एक तृतीयांश म्हणजे साधारण साडेआठ मिलीमीटर असते, युरोपच्या एका नंबरची उडी साडेसहा मिलीमीटरच्या जरा वर, त्यामुळे एकातून दुसऱ्यात बदलताना कुठेतरी गोल आकडा करावा लागतो आणि प्रत्येक कंपनी तो आपापल्या सोयीने करते. वर प्रत्येकीचा साचा वेगळा, कोणाचा चवडा रुंद, कोणाची टाच निमुळती. मी कायम अमुक नंबर घालतो हे वाक्य घरी ठेवून जा.

आता बूट हातात घेतला की आधी आतला इनसोल, म्हणजे तळाची सुटी गादी, बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि मोजा घालून त्यावर उभे राहा. टाच मागच्या कडेला टेकवा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरायला हवी आणि चवडा इनसोलच्या कडेबाहेर सांडता कामा नये. करंगळी बाहेर लटकत असेल तर तो बूट तुमचा नाहीच, वापरून सैल होईल वगैरे दुकानदार सांगेल, मेंब्रेनवाले बूट अरुंद असतील तर फारसे सैल होत नाहीत. मग इनसोल परत घाला, लेस न बांधता पाय पुढे सरकवा, बोटं पुढे टेकली की टाचेमागे एक बोट सहज जायला हवं. बोट अडकलं तर छोटा, दोन बोटं आरामात गेली तर मोठा.

मग लेस नीट बांधा आणि चाला. दोन पावलं टाकून आरशात बघणं म्हणजे चालणं नाही, दहा पंधरा मिनिटं चाला, पायऱ्या चढा उतरा, उतरती फळी असेल तर त्यावरून खाली या. चढताना टाच आत किंचित उचलली जाते तेवढं चालतं, पण सुळकन वरखाली होत असेल तर फोड नक्की. उतरताना अंगठा पुढे आदळत असेल तर नखं काळी पडणार हे पण नक्की. कुठे एकाच जागी टोचतंय का ते शांतपणे बघा, दुकानात जे थोडंसं जाणवतं ते दहा किलोमीटरवर किंचाळायला लागतं.

ऑनलाइन घेत असाल तर घरी आल्यावर हेच सगळं घरातल्या फरशीवर करा, टॅग न काढता, आणि परत करायची मुदत आधी वाचून ठेवा.

सोलबद्दल थोडक्यात. खालचे खाच पाडलेले दात खोल आणि एकमेकांपासून लांब असतील तर चिखलात चांगले, चिखल त्यात अडकून बसत नाही. ओल्या खडकावर मात्र दातांपेक्षा रबराचा मऊपणा आणि खडकाला टेकणारा पृष्ठभाग जास्त कामाला येतो. आणि शेवाळलेल्या खडकावर कोणताच सोल भरवशाचा नाही, तिथे पाय जपून टाकायचा, बूट कितीचा घेतला ते सांगत बसायचं नाही. बूट दोन्ही हातांत धरून पिळून बघा, तापून मऊ पडलेल्या प्लास्टिकसारखा सहज पीळ बसला तर दगडगोट्यांच्या वाटेवर तळवे दुखतील.

स्टेप ५ : थेट डोंगरावर नेऊ नका

नवा बूट आधी घरात, मग आसपास, मग छोट्या वाटेवर. कापडी बुटाला दोनतीन फेऱ्या पुरतात, अखंड चामड्याला काही आठवडे द्या. फोड घर्षण आणि ओल यातून येतात, आणि नव्या कडक बुटात दोन्ही भरपूर. कुठे गरम लागायला लागलं की तिथेच थांबा, बूट काढा, टेप लावा. अजून अर्ध्या तासाने बघू म्हणणाऱ्यांचे फोड मी बघितलेत, त्यातला एक माझाच.

मोजे सुती नकोत. सुती कापड ओल धरून ठेवतं, मेंब्रेनपर्यंत वाफ नीट पोचत नाही, म्हणजे एवढा महागाचा बूट घेऊन त्याच्या कामाची वाट तुम्हीच अडवली. मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक मोजे घ्या आणि एक जास्तीची जोडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकमध्ये. दुपारी थांबलात की बूट काढा, इनसोल बाहेर काढून उन्हात टेकवा, मोजे बदला. घामाच्या वाटेवर यापेक्षा स्वस्त इलाज नाही.

वरून येणारं पाणी अडवायला पँट बुटाच्या आत खोचू नका. पावसात पँटवरून ओघळणारं पाणी सरळ मोज्यात उतरतं, मग दिवसभर बूट गळतो म्हणत बसायचं. रेनपँट बुटाच्या बाहेरून घाला, किंवा गेटर लावा. गेटर म्हणजे घोट्यावर बांधायची ती नळीसारखी पट्टी, ती पाण्याबरोबर खडे आणि वाळूही अडवते, आणि वाळू हा मेंब्रेनचा खरा शत्रू आहे. आत गेलेला कण अस्तर आणि पाय यांच्या मध्ये सँडपेपरसारखा घासत राहतो, आणि एक दिवस न दिसणाऱ्या मोज्याला न दिसणारं भोक पडतं. वाढलेली पायाची नखं पण हेच काम करतात. हसू नका, कापा.

लेसच्या बाबतीत एवढंच की घोट्याच्या वळणापाशी पहिली साधी गाठ न मारता लेस एकमेकींभोवती दोनदा गुंडाळा आणि मग आवळा, ती तिथे घट्ट बसते, म्हणजे खाली एक ताण आणि वर वेगळा ताण ठेवता येतो. उतरताना वरचा भाग आवळा, टाच मागे राहते आणि बोटं वाचतात.

स्टेप ६ : घरी आल्यावर, थकलेले असताना, तरीही

इथेच सगळे चुकतात. बूट दारात काढले, उद्या बघू, आणि पुढच्या ट्रेकलाच आठवण. सुकलेला चिखल चामड्यातली ओल आणि तेल ओढून घेतो, मग ते चामडं तडकतं, आणि तडा बरोबर चवड्याच्या घडीत जातो, म्हणजे जिथे बूट प्रत्येक पावलाला वाकतो तिथे.

लेस काढा, इनसोल काढा, बूट उलटा करून खडे झटका. मऊ ब्रश आणि कोमट पाणी घेऊन चिखल काढा, शिवणींमधला आणि जिभेच्या घडीतला पण. कपड्यांचा डिटर्जंट वापरू नका. साबणाचं काम पाण्याला कापडात शिरू द्यायचं आहे आणि आपल्याला नेमकं उलटं हवंय, त्याचा अंश कापडावर राहिला की बूट पाणी प्यायला लागतो. बुटांसाठीचं क्लिनर मिळतं ते वापरा, नाहीतर नुसतं पाणी. वॉशिंग मशीनमध्ये तर अजिबात नाही, मेंब्रेनची टेप आणि सोलचा गोंद दोन्हीची वाट लागते. महिन्या-दोन महिन्यांनी आतून पण कोमट पाण्याने धुवा, घामातलं मीठ अस्तरात साठतं. समुद्रकाठी खाऱ्या पाण्यात चाललात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा.

मग वाळवणं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पुढे बोटांपर्यंत. पहिले बोळे तासाभरात ओलेचिंब होतात, ते काढून नवे घाला, असं दोनतीनदा. हा तासाचा हिशोब महत्त्वाचा, कारण तेच ओले बोळे रात्रभर ठेवले तर कागद ओल बाहेर काढायच्या ऐवजी आत धरून बसतो आणि सकाळी बुटाला कुबट वास. सावलीत, वारा खेळतो अशा जागी ठेवा, पंखा लावला तर उत्तम.

शेकोटी, हीटर, हेअर ड्रायरची गरम हवा, कडक ऊन, बंद गाडीची मागची काच, हे सगळं टाळा. एका मुक्कामात मी भिजलेले बूट शेकोटीपासून हातभर अंतरावर ठेवून झोपलो, म्हटलं एवढ्या लांब काय होतंय. सकाळी उजव्या बुटाच्या पुढच्या टोकाला सोल आणि चामडं यांच्या मध्ये नख जाईल एवढी फट, आणि चामडं असं कडक की वाजवलं तर टकटक आवाज. तो दिवसभर बूट तोंड उघडून माझ्याकडे बघत होता. गोंद उष्णतेने मऊ होतो आणि चामडं आकसतं, दोन्ही एकाच वेळी, मग फट पडणारच.

स्टेप ७ : पाणी झटकणारा लेप परत लावा

नव्या बुटावर पाणी टाकलं की त्याचे मोती होऊन घरंगळतात बघा, ते मेंब्रेनमुळे नाही, बाहेरच्या कापडावर किंवा चामड्यावर दिलेल्या लेपामुळे. हा लेप वापराने झिजतो. मग काय होतं, तर बाहेरचा थर पाणी पिऊन गच्च होतो. मेंब्रेन अजून शाबूत असतं, पाणी आत येत नाही, पण बाहेर ओला गोणपाट गुंडाळल्यासारखं झाल्याने घामाची वाफ बाहेर जाऊ शकत नाही, बूट जड होतो, पाय गार पडतो, आणि आतून ओल वाढत जाते. माणूस म्हणतो बूट गळला. बूट गळलेला नसतो, त्याचा वरचा थर थकलेला असतो.

टेस्ट सोपी आहे, स्वच्छ बुटावर चमचाभर पाणी टाका. थेंब उभे राहिले तर ठीक, जागा गडद होऊन पाणी मुरलं तर लेप द्यायची वेळ झाली. आधीचे लेप ज्या फ्लोरिनवाल्या रसायनांचे असायचे ती आता पर्यावरणासाठी घातक म्हणून काढून टाकत आहेत, नवे लेप पाणी चांगलं झटकतात पण तेलकट घाणीपुढे लवकर हार मानतात, म्हणून नवे बूट जास्त वेळा पुसावे लागतात आणि लेपही लवकर लवकर द्यावा लागतो.

कापडी बुटाला स्प्रे. नुबक आणि स्वेडला पण स्प्रेच, त्यांच्यासाठीचा. अखंड गुळगुळीत चामड्याला मेण किंवा क्रीम. नुबकला मेण लावलं तर चालतं, पण रंग कायमचा गडद होतो आणि मखमल बसते, मग नंतर हळहळू नका. कापडाला मेण नको, छिद्रं बुजतात. बरेचसे पाण्यात मिसळलेले स्प्रे ओल्या बुटावरच लावायचे असतात, म्हणजे धुतला की लगेच, वाळायची वाट न बघता, बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. मेण लावताना बोटाने लावा, हाताच्या उबेने ते नीट मुरतं, शिवणींमध्ये दाबून भरा, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून टाका. जास्त म्हणजे चांगलं असं इथे नाही, तेला-मेणाने माखलेलं चामडं लिबलिबीत होतं आणि घोट्याला आधार द्यायचं बंद करतं.

स्टेप ८ : खरंच गळतोय का? बादली आणा

शंका आली तर भांडायला जायच्या आधी हे करा, माझ्यासारखी फजिती नको. बूट पूर्ण वाळवा. आत कोरडा टिश्यू पेपर सगळीकडे पसरून लावा, टोकाला, बाजूंना, टाचेत. पसरट टबमध्ये पाणी घेऊन बूट उभा करा, पाणी जिभेच्या घडीच्या खालीच राहू दे, आणि आत काहीतरी जड ठेवा म्हणजे तरंगणार नाही. मधूनमधून चवड्यापाशी दाबून वाकवा, कारण काही भोकं बूट वाकला तरच उघडतात. तासाभराने टिश्यू बघा. सगळा कोरडा असेल तर चालताना येत होती ती ओल घामाची किंवा वरून आलेली. एकाच ठिकाणी डाग असेल तर तिथे भोक, आणि बऱ्याच वेळा ते चवड्याच्या घडीत सापडतं.

मेंब्रेनला पडलेलं भोक घरी दुरुस्त होत नाही, हे आधीच सांगतो. बाहेरची शिवण उसवली असेल तर बुटांच्या गोंदाने बुजवता येते, पण आतला मोजा फाटला की तो गेला. बूट नवा असेल तर हा ओला टिश्यूचा फोटो काढा आणि वॉरंटीत पाठवा, पुरावा असला की बोलणं छोटं होतं. जुना असेल तर तो आता कोरड्या दिवसांचा बूट.

स्टेप ९ : ठेवताना, आणि बरेच दिवसांनी काढताना

पूर्ण वाळल्याशिवाय ठेवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत किंवा हवाबंद डब्यात तर नकोच. आत कागद भरून आकार राखा, लेस सैल, हवा खेळती जागा. पांढरी बुरशी दिसली तर बाहेर नेऊन ब्रशने झाडा, पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा, वाळवा, आणि चामडं असेल तर नंतर क्रीम लावा.

आणि आता ज्याची कोणालाच कल्पना नसते ते. बऱ्याच बुटांच्या सोलमध्ये मधला मऊ थर पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका फोमसारख्या प्लास्टिकचा असतो. हवेतली ओल त्या पदार्थाच्या रेणूंची साखळी हळूहळू तोडत राहते, बूट वापरा नाहीतर ठेवून द्या. पाच ते दहा वर्षांत तो थर भुसभुशीत होऊ शकतो, आणि नीट जपून, क्वचित वापरलेले बूट यातून सुटत नाहीत. माझा एक चामडी जोड असाच होता, वरून नव्यासारखा, मेण लावून चकचकीत. सहा वर्षं कपाटात, दोन तास वाटेवर, आणि मग डाव्या टाचेतून काहीतरी चिरडल्यासारखा आवाज. मागे वळून बघितलं तर वाटेवर काळ्या चुऱ्याची रेघ, आणि पन्नास पावलांवर अख्खा सोल आ वासून पडलेला. जास्तीची लेस बुटाखालून गुंडाळून खाली उतरलो, दर दहा मिनिटांनी परत बांधत. अर्ध्या वाटेत उजवा पण सुटला.

म्हणून जुना जोड काढलात की ट्रेकच्या आठवडाभर आधी सोलच्या बाजूचा मधला थर अंगठ्याच्या नखाने दाबून बघा. दबून परत वर आला तर ठीक. नखाची खूण तशीच राहिली, बारीक सुरकुत्या-तडे दिसले किंवा बोटाला चुरा लागला तर तो बूट घरीच ठेवा. चामडं चांगलं असेल आणि बूट त्या पद्धतीने बनवलेला असेल तर नवा सोल बसवून मिळतो, घेतानाच तशी सोय आहे का विचारून ठेवा. आणि नखाची परीक्षा पास झालेला बूट सुद्धा आधी एक दिवस घराजवळ चालवून बघा, आणि डोंगरावर जाताना सॅकच्या खालच्या कप्प्यात दीडेक मीटर मजबूत चिकटपट्टी आणि एक जास्तीची लेस टाका.